ऐन वेळी अडकणारी बंदूक: 'फार क्राय २' ची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात गडकिल्ले नाहीत आणि तहाची कलमंही नाहीत. आज एका व्हिडिओ गेमचा इतिहास बघायचाय. गेमचं नाव 'फार क्राय २'. ऑक्टोबर २००८ मध्ये आला. तुमच्यापैकी अनेकांनी हा खेळला नसेल, कारण 'फार क्राय' म्हटलं की लोकांना थेट तिसरा भागच आठवतो. आधीच सांगून ठेवतो, मी गेमचा शेवट सांगणार आहे. ज्यांना खेळायचाय त्यांनी इथेच पॉज करा, खेळून या.

सुरुवात एका टॅक्सीपासून करू. आफ्रिकेतला एक देश, नाव दिलेलं नाही. तुम्ही मागच्या सीटवर बसलाय. ड्रायव्हर गप्पा मारतोय, बाहेर गवताळ माळ आहे, लांबवर धूर दिसतोय. वाटेत चेकपोस्ट लागतं, बंदूकवाले गाडीत डोकावतात, ड्रायव्हर पैसे चारून सुटका करून घेतो. तुम्ही भाडोत्री सैनिक आहात आणि काम एकच आहे, 'जॅकल' नावाच्या शस्त्रविक्रेत्याला मारायचं. देशात यादवी चालू आहे, दोन गट एकमेकांवर तुटून पडलेत आणि दोघांनाही बंदुका याच माणसाने विकल्यात. पण गावात पोचेपर्यंत तुम्हाला मलेरिया होतो. शुद्धीवर येता तेव्हा हॉटेलच्या खोलीत पलंगावर पडलेले असता आणि समोर जॅकल स्वतः उभा असतो, तुमच्याच सामानातला, त्यालाच मारायचा हुकूम वाचत. तुमच्यात हात उचलायची ताकद नाही. तो तुम्हाला थोडा नीत्शे ऐकवतो आणि निघून जातो. मारतही नाही.

विचार करा, गेम नुकताच सुरू झालाय आणि ज्या एका कामासाठी तुम्ही आलात ते फसलेलंसुद्धा आहे. आणि तो मलेरिया? तो शेवटपर्यंत तुमच्यासोबत राहतो.

आता थोडी वंशावळ. पहिला 'फार क्राय' मार्च २००४ चा. जर्मनीतल्या क्रायटेक कंपनीने, म्हणजे येर्ली बंधूंनी, तो बनवला आणि युबिसॉफ्टने प्रकाशित केला. बेट, निळंशार पाणी, दाट झाडी, आणि समोर जो डोंगर दिसतोय तिथपर्यंत खरंच जाता येतं ही त्या काळात तोंडात बोट घालायला लावणारी गोष्ट. पुढे क्रायटेकने आपली वाट वेगळी केली, 'क्रायसिस' बनवला, आणि 'फार क्राय' हे नाव युबिसॉफ्टकडे राहिलं. युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने दुसरा भाग हातात घेतला तेव्हा बेट, जुना नायक, राक्षसी म्युटंट, सगळं टाकून दिलं. इंजिनही जुन्यावरून पुढे नेत जवळपास नवंच केलं. त्या इंजिनाचं नाव 'दुनिया'. हो हो, आपलीच दुनिया, अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेली, 'दुनियादारी'मधली. मराठी धागा शोधायचाच असेल तर अजून एक आहे. त्याच २००८ मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ विकत घेतला आणि कंपनी आपल्या गावात आली. हा गेम मात्र मॉन्ट्रियलचाच.

गेमचा क्रिएटिव्ह डायरेक्टर होता क्लिंट हॉकिंग. त्याआधी 'स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी'वर काम केलेला माणूस. ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे 'फार क्राय २' अजून बनत असताना, त्याने आपल्या ब्लॉगवर 'बायोशॉक' या तेव्हाच्या गाजलेल्या गेमवर टीका लिहिली आणि त्यात एक शब्द जन्माला घातला, लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स. घाबरू नका, अर्थ सोपा आहे. गेमची गोष्ट तुम्हाला एक सांगते आणि गेमचे नियम तुमच्याकडून दुसरंच करून घेतात. गोष्टीतला नायक घरदार आठवून रडतो, हळवा होतो, आणि रडून झालं की पुढच्या पाच मिनिटांत चाळीस माणसं आडवी करतो. त्याला काहीच होत नाही. आपल्यालाही काही वाटत नाही, कारण बटणं छान आहेत, आवाज छान आहे, सगळं मस्त चाललंय.

म्हणजे दुसऱ्याच्या गेमला हा आजार आहे असं लिहिणारा माणूस त्याच वेळी स्वतः एक शूटर बनवत होता. आता त्याला औषध स्वतःवरच करून बघणं भाग होतं.

त्याच्या टीमने काय केलं, तर सगळं थोडं थोडं मोडकं ठेवलं. त्या वर्षांत शूटरमध्ये गोळी लागली की भिंतीमागे बसायचं, पाच-सात सेकंद थांबायचं, तब्येत आपोआप ठणठणीत. 'कॉल ऑफ ड्यूटी'ने ही सवय सगळ्यांना लावली होती. 'फार क्राय २' मध्ये जखम जास्त असेल तर तुमचा हात पक्कड घेऊन मांडीतली गोळी उपटून काढताना दिसतो. तेही गोळीबार चालू असताना. मेलेल्या शत्रूची बंदूक उचलली तर ती गंजलेली असते आणि ऐन वेळी जॅम होते. मग तुम्ही खटाखट खटका ओढत बसता आणि समोरचा तुम्हाला भाजून काढतो. गाडीला गोळ्या लागल्या की ती धूर सोडत थांबते. उतरायचं, बॉनेट उघडायचं, पान्याने काहीतरी आवळायचं. सुमारे ५० चौरस किलोमीटरचा प्रदेश, पण कोपऱ्यात मिनीमॅप नाही. कागदी नकाशा हातात धरावा लागतो, गाडी चालवताना मांडीवर, आणि नकाशात बघता बघता गाडी झाडावर जाते. मलेरियाचा झटका अधूनमधून येतोच. डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागतं, गोळी खावी लागते, आणि गोळ्या संपत आल्या की गावात लपलेल्या लोकांपर्यंत प्रवासाची कागदपत्रं पोचवून नव्या मिळवाव्या लागतात.

मी हा गेम पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर खेळलो. कारण अजिबात थोर नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर नवे गेम चालायचे नाहीत आणि हा चालायचा, सगळं सेटिंग 'लो' करून. दोन संध्याकाळी खेळलो आणि अनइन्स्टॉल केला. रूममेटला सांगितलं, अरे हा गेम नाहीये, शिक्षा आहे.

मुख्य राग होता चेकपोस्टचा. जवळपास प्रत्येक चौफुलीवर चार-सहा माणसं आणि मशिनगन लावलेली जीप. तुम्ही थांबता, लढता, सगळ्यांना संपवता, गाडी दुरुस्त करता, मिशनला जाता. दहा मिनिटांनी परत येता तर तिथे तितकीच माणसं उभी, जणू काही झालंच नाही. आणि ती माणसं कुठल्या गटाची याने फरक पडत नाही, तुम्ही ज्यांच्यासाठी काम करताय तेही तुमच्यावर गोळ्या झाडतात, कारण तुमचं काम म्हणे गुप्त आहे. आता मी नोकरीत असल्यामुळे हा अनुभव ओळखीचा झालाय. शुक्रवारी क्लोज केलेला बग सोमवारी सकाळी परत ओपन होऊन समोर उभा राहतो. पण त्याचा पगार तरी मिळतो.

या चेकपोस्टचा बचाव करणारे लोक आहेत. ते म्हणतात, युद्ध असंच असतं, एकाला मारलं की दुसरा येतो, हिंसेने काही बदलत नाही हेच गेमला सांगायचंय. मला हे पटत नाही. इंजिनिअर म्हणून बघा. एक्सबॉक्स ३६० मध्ये एकूण मेमरी ५१२ एमबी, त्यामुळे दूरच्या भागातली माणसं काढून टाकावी लागतात हे मान्य. पण 'हे चेकपोस्ट रिकामं आहे' एवढं लक्षात ठेवायला एक बिट लागतो. एक बिट! म्हणजे हा निर्णय होता, आणि माझ्या मते चुकलेला होता. बंदूक जॅम झाली की तुम्ही घाबरता, काहीतरी वेगळं करायला धावता. चेकपोस्ट परत भरलं की तुम्ही फक्त सुस्कारा टाकता आणि तेच परत करता. त्रास दोन्हीकडे आहे, पण त्याची जात वेगळी आहे.

मग मी परत का इन्स्टॉल केला? सबमिशनच्या आठवड्यात, जसं सगळेच करतात. आणि तेव्हा एका रात्री, म्हणजे गेममधल्या रात्री, एका छावणीवर हल्ला करायचा होता. माझा प्लॅन पक्का होता. टेकडीवरून आधी स्नायपरने दोघांना टिपायचं, मग खाली. पहिली गोळी बरोबर लागली, दुसऱ्या गोळीला बंदूक अडकली. ती मोकळी करेपर्यंत सगळी छावणी माझ्या दिशेने पळत सुटली. मी घाबरून पेट्रोल बॉम्ब फेकला, तो पुढच्याच गवतात पडला. गवत वाळलेलं, वारा माझ्याकडे. आग टेकडी चढून माझ्याच अंगावर यायला लागली. मी मागे पळालो, तेवढ्यात मलेरियाचा झटका. पिवळ्या धुरकट नजरेने धडपडत नदीत उडी मारली. पलीकडच्या काठावर येऊन वळून बघितलं तर आगीने वारा बदलल्यावर छावणी पण गाठली होती, दारूगोळा फुटत होता आणि मी पुढे एकही गोळी न झाडता मिशन अर्धं झालेलं होतं.

रूममेट मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "हे आधीच ठरवलेलं होतं का रे?" नव्हतं. हीच तर गंमत.

ही आग म्हणजे या गेममधलं सर्वात सुंदर कोडिंग. ढोबळमानाने असं समजा: जमिनीचे छोटे छोटे चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोनाला थोडं आयुष्य दिलंय. शेजारी आग असेल तर ते आयुष्य कमी होत जातं, शून्याला आलं की तो चौकोन पेटतो आणि आपल्या शेजाऱ्यांना त्रास द्यायला लागतो. वाऱ्याच्या दिशेला हे झपाट्याने होतं, उलट्या दिशेला हळू. माळावरचं वाळकं गवत भसाभस पेटतं, ओल्या जंगलात आग रेंगाळते, पावसात जोर धरत नाही. एवढे साधे नियम. पण ते एकमेकांवर आपटले की असं काहीतरी घडतं जे बनवणाऱ्यानेही लिहून ठेवलेलं नसतं.

२००९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हॉकिंगने यावरच भाषण दिलं. मुद्दा असा होता की खेळाडू आधी प्लॅन करतो, मग तो राबवतो. आणि मध्येच छोटी छोटी अपयशं आली की त्याला जागच्या जागी जुगाड करावा लागतो. जुगाड हा शब्द माझा, तो इम्प्रोव्हायझेशन म्हणाला. अपयश इतकं मोठं नको की थेट मरण आणि रीलोड, आणि इतकं लहानही नको की लक्षातच येऊ नये. मधलं हवं. अडकलेली बंदूक, बंद पडलेली गाडी, मलेरिया, हे सगळं त्या मधल्या पट्ट्यातलं. हे वाचल्यावर मला माझी ती टेकडी आठवली आणि थोडी चिडचिडही झाली, की मी ज्याला माझं नशीब समजत होतो ते कोणीतरी डिझाइन केलं होतं.

आता मित्रांबद्दल. गेममध्ये तुमच्यासारखेच भाडोत्री सैनिक भेटतात, त्यांना 'बडी' म्हणतात. कोणी कोसोव्होचा, कोणी हैतीचा, कोणी उत्तर आयर्लंडचा. एक मॉरिशसचा आहे, कुरबानी सिंग. मिशन मिळालं की यातला एक जण फोन करतो आणि म्हणतो, त्याच्यापेक्षा माझ्या पद्धतीने कर, जास्त फायदा आहे. तुम्ही युद्धात कोसळलात की दुसरा एक जण येऊन तुम्हाला ओढत बाजूला नेतो, बंदूक हातात देतो. आणि कधीकधी तो स्वतःच कोसळतो. तुम्ही जवळ जाता, वेदनाशामक इंजेक्शन देता. बऱ्याचदा तो उठतो. कधी उठत नाही, अजून एक मागतो. तुम्ही देता, तो अजून एक मागतो. तेव्हा कळतं की आता पुढचं इंजेक्शन म्हणजे काय. द्या, किंवा सोडून जा, किंवा गोळी घाला. गेम तिन्हीपैकी काहीही चालवून घेतो आणि वर कसलंही भाषण देत नाही. माझ्या मित्राला मी तिसरं इंजेक्शन दिलं होतं. त्यानंतर लॅपटॉप बंद करून मेसमध्ये गेलो होतो हे मला अजून आठवतं, आणि जेवणात काय होतं ते आठवत नाही.

२००९ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या बेन अब्राहम या समीक्षकाने ठरवलं की हा गेम एकाच आयुष्यात खेळायचा. मेलो की संपलं, रीलोड नाही. ते सगळं त्याने सविस्तर लिहून काढलं आणि त्याच्यामागून अनेकांनी हा प्रकार केला. ज्या गेमवर लोक त्रासदायक म्हणून चिडत होते त्याचा त्रास अजून वाढवून खेळायची हौस लोकांना का व्हावी, हा प्रश्न मला भारी वाटतो.

सगळंच गोड सांगणार नाही. गेमला आफ्रिकेतल्या हिंसेबद्दल बोलायचंय, पण त्या देशातले सामान्य लोक जवळपास दिसतच नाहीत. बाजार नाही, शाळा नाही, शेत नाही. लपून बसलेले थोडे निर्वासित सोडले तर जो दिसेल तो गोळी झाडणारा. चेहरा आणि नाव मिळतं ते बहुतेक बाहेरून आलेल्यांना. कोनराडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'ची छाया गेमवर आहे हे बनवणाऱ्यांनी सांगितलेलंच आहे. त्या कादंबरीवर चिनुआ अचेबे यांनी घेतलेला आक्षेप, की आफ्रिका फक्त युरोपीय माणसाच्या मनातल्या अंधाराचा पडदा बनते, या गेमलाही तंतोतंत लागू पडतो. गाडीतून तासभर फिरा, झेब्रे दिसतील, हरणं दिसतील, पण पाणी भरणारी एक बाई दिसणार नाही.

यानंतर इतिहास एक गमतीशीर वळण घेतो. समीक्षा चांगल्या आल्या, पण खेळाडूंच्या तक्रारींची यादी लांबलचक होती आणि कंपनीने ती यादी मन लावून वाचली असावी. २०१२ च्या शेवटी 'फार क्राय ३' आला. मलेरिया गेला. बंदूक अडकणं गेलं. मिनीमॅप आला, टॉवर चढला की नकाशा उघडायला लागला. आणि चौक्या? एकदा जिंकली की कायमची तुमची. गेम तुफान चालला. त्यानंतरचे 'फार क्राय' त्याच साच्यातून निघाले, २०१४ चा हिमालयातल्या काल्पनिक कायरातमध्ये घडणारा चौथा भागसुद्धा. पण मजा बघा. सगळ्या चौक्या जिंकल्यावर लोकांच्या लक्षात आलं की आता बेटावर लढायला कोणी उरलंच नाही! मग २०१३ मध्ये कंपनीने अपडेट देऊन चौक्या रीसेट करायची सोय दिली. ज्या गोष्टीसाठी दुसऱ्या भागाला शिव्या बसल्या तीच तिसऱ्या भागात लोकांनी हौसेने मागून घेतली. फरक एवढाच की आता बटण त्यांच्या हातात होतं.

मी स्वतः रोज जे काम करतो ते म्हणजे कुणाचा तरी एक क्लिक कमी करणं. पेमेंटच्या आधीची एक स्क्रीन काढली तर टीममध्ये टाळ्या वाजतात. त्यामुळे 'फार क्राय ३' करणाऱ्यांना मी नावं ठेवू शकत नाही, मीही तेच केलं असतं. पण 'फार क्राय ३' मी पूर्ण केला आणि त्यातली एकही लढाई मला आज आठवत नाही. ती टेकडी आठवते.

कल्पना मात्र मेल्या नाहीत, त्या दुसऱ्या घरी गेल्या. तशा त्या एकट्या या गेमच्या नव्हत्याच. युक्रेनमधल्या 'स्टॉकर'ने २००७ मध्ये खराब होणाऱ्या बंदुका आणल्या होत्या. २०१७ मध्ये निन्टेंडोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तलवारी मोडायला लागल्या, गवत वाऱ्याच्या दिशेने पेटायला लागलं, आणि त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. तलवारींवरून भांडणं अजून चालू आहेत, ते सोडा.

आता शेवट. बराच रक्तपात करून झाल्यावर तुमचे जिवंत राहिलेले बडी हिऱ्यांसाठी तुमच्यावरच बंदूक रोखतात. ज्यांनी तुम्हाला ओढत वाचवलं होतं, तेच. मग पुन्हा जॅकल समोर येतो आणि कळतं की त्याला आता सामान्य लोकांना सीमेपलीकडे सुखरूप काढायचंय. त्याच्या मते हिंसा हा इथे पसरलेला रोग आहे आणि तुम्ही, तो, दोन्ही गट, सगळे त्याचे वाहक. वाहकांपैकी कोणी जिवंत बाहेर पडायचं नाही. तो दोन वस्तू पुढे करतो. एक, हिऱ्यांची बॅग: सीमेवरच्या पहारेकऱ्यांना लाच द्यायची, लोकांना सोडवायचं आणि मग स्वतःला गोळी घालायची. दुसरी, बॅटरी: स्फोटकांना जोडून खिंड उडवून द्यायची म्हणजे मागून कोणी येणार नाही, आणि त्यात तुम्हीही जाणार. जे तुम्ही उचलाल त्याचं उरलेलं काम जॅकल करतो. तिसरा पर्याय नाही. लपलेला, यूट्यूबवर शोधून सापडणारा वगैरे काही नाही.

मी हॉस्टेलवर बॅटरी घेतली होती. गेल्या दिवाळीत घरी परत एकदा खेळलो, म्हटलं या वेळी बॅग घेऊ. तिथपर्यंत पोचलो आणि परत बॅटरीच उचलली. स्वतःच्या हाताने बंदूक डोक्याला लावायचं दृश्य नको वाटलं, गेम असला तरी. खिंडीत काय होतं ते निदान एका बटणावर आहे.

खेळणार असाल तर जुन्या लॅपटॉपवरही चालेल. दोन सूचना. बंदूक नेहमी शस्त्रांच्या दुकानातूनच घ्या, मेलेल्याची उचलू नका. आणि पेट्रोल बॉम्ब फेकायच्या आधी गवत कुठल्या बाजूला हलतंय ते बघा. तुम्ही बॅग घेतली की बॅटरी, ते आम्हाला व्हॉइस नोटने कळवा. चला, भेटू पुढच्या भागात.